मेष की मीन?
आज जळगावात तिघांनी एकच विचारलं: मोबाईलवर मेष, पत्रिकेत मीन, मग रोजचं भविष्य कोणतं वाचायचं?

५ एप्रिलचा जन्म घ्या. सायन (पाश्चात्त्य) पद्धतीत रवी २१ मार्चच्या सुमारास, वसंतसंपाताला (दिवस-रात्र समान होतात तेव्हा) मेषेत येतो, म्हणून मेष. निरयनात, म्हणजे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या आपल्या पंचांगांच्या पद्धतीत, तो १४ एप्रिलच्या आसपास येतो, म्हणून अजून मीन. दोन्हींच्या आरंभबिंदूंतलं हे अंतर म्हणजे अयनांश, सध्या २४ अंशांहून थोडं जास्त; साधारण ७२ वर्षांत एक अंश वाढतो. दोन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त आरंभबिंदू वेगळा.

खरी गल्लत पुढेच होते. आपल्याकडची रास चंद्राची, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. नुसत्या तारखेवरून ती ठरवूच नका, जन्मवेळ लागतेच.

ॲपमध्ये अयनांश 'लाहिरी' (आपल्याकडे रूढ असलेली अयनांशाची गणना) आणि गाव जळगावच टाका. मुंबई टाकली तर स्थानिक वेळेत सुमारे ११ मिनिटांचा फरक पडतो, लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू) जवळपास तीन अंश सरकतं. राशीच्या काठावरचं लग्न असेल तर पत्रिकेतली सगळी घरंच बदलली, भाऊ!

चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या खान्देशात तरी अयनांश न बघता पत्रिका मांडू नये.