टाकीखालचा ओघळ

नववीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी प्लॅस्टिकच्या किटमधून एक जर्मन पाणबुडी जोडली. दुसऱ्या महायुद्धातली टाइप ७ सी, १:१४४ प्रमाणातली. खरी ६७ मीटर लांबीची, माझी साधारण ४७ सेंटिमीटरची. पाणबुडी काळीच असते हे मनात पक्कं बसलेलं. त्यामुळे चकचकीत काळ्या इनॅमलचे दोन हात मारले आणि वाळल्यावर ती चित्रकलेच्या सरांना दाखवायला नेली. सरांनी ती डोळ्यांच्या पातळीवर धरून बराच वेळ न्याहाळली. "जोडणी सुरेख झालीय. पण ही कधी पाण्यात गेलेली दिसत नाही," म्हणाले, आणि मला गच्चीवर घेऊन गेले.

शाळेच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती, भिंतीत बोल्टांनी बसवलेली. प्रत्येक बोल्टखाली गंजाचा ओघळ उतरला होता. रोज दिसणारी गोष्ट, पण मी ती त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. बोल्टाजवळ ओघळ अरुंद आणि काळपट तपकिरी, वीतभर खाली नारिंगी, आणि त्याच्या खाली भिंतीच्या रंगात विरून गेलेला. मध्ये जिथे गिलाव्याची कड पुढे आली होती तिथे तो तुटला होता आणि थोडा बाजूला सरकून पुन्हा सुरू झाला होता. "आता तुझ्या पाणबुडीतून पाणी कुठून बाहेर येतं ते शोध. रंगाचं मग बघू," सर म्हणाले.

मी जुने फोटो धुंडाळायला लागलो. त्या पाणबुडीच्या बाहेरच्या कवचाला दोन्ही बाजूंनी भोकांच्या रांगा असतात. बुडताना त्यांतून पाणी आत शिरतं, वर येताना बाहेर पडतं. म्हणजे गंज आणि मिठाचे पांढरट डाग उतरणार ते त्या भोकांखाली, आणि उभेच उतरणार. दुसरी गोष्ट कळली ती जास्त धक्का देणारी होती. ही पाणबुडी काळी नव्हतीच! जलरेषेच्या वर फिकट राखाडी, खाली गडद राखाडी. त्या काळच्या पाणबुड्या बहुतेक वेळ पाण्याच्या वरच, डिझेल इंजिनांवर चालत. रात्री क्षितिजाच्या पुसट उजेडासमोर काळा आकार उठून दिसतो, राखाडी हरवून जातो. अमेरिकन पाणबुड्या युद्धाच्या सुरुवातीला काळ्या होत्या, पण पुढे त्यांनाही राखाडी छटा आल्या. भूमध्य समुद्रातल्या काही ब्रिटिश पाणबुड्या तर गडद निळ्या रंगवलेल्या होत्या.

सरांनी फळ्यावर मांडलेलं एक गणित मी आजही पाळतो. १:१४४ चं मॉडेल आपण अर्ध्या मीटरवरून बघतो, म्हणजे खरी पाणबुडी ७२ मीटरवरून बघतो. मधल्या हवेने रंग फिकटतो. म्हणून खऱ्या रंगाची हुबेहूब छटा छोट्या मॉडेलवर जास्त गडद वाटते. तिच्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो, आणि शुद्ध काळा तर डबीतून थेट कधीच लावू नये.

काळा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, राखाडी प्राइमर मारला. जलरेषेसाठी सरांनी लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधली. मॉडेल सपाट फळीवर समतल टेकवून ठोकळा त्याच्याभोवती फिरवला की सगळीकडे एकाच उंचीची रेषा उमटते. तिच्यावर मास्किंग टेप. एवढं सगळं नीट झालं, आणि ओघळांच्या वेळी घात झाला. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला ब्रश ओढला तसा खालचा इनॅमलही सुटून आला आणि प्राइमर उघडा पडला. रडू आवरेना. सरांनी तेवढा भाग पुन्हा रंगवून घेतला, त्यावर ॲक्रिलिक वार्निशचा पातळ हात द्यायला लावला आणि रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी भोकाच्या खालच्या कडेला तपकिरी तैलरंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवला आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या सपाट ब्रशने एकदाच खाली ओढला. वर गडद, खाली विरलेला. टाकीखालचा ओघळ माझ्या पाणबुडीवर उतरला होता.

पुढे नोकरीतून वेळ काढून मी बऱ्याच पाणबुड्या रंगवल्या. आवडती एक अमेरिकन आहे, सीड्रॅगन. डिसेंबर १९४१ मध्ये फिलिपाइन्समधल्या कॅव्हिटे तळावर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा शेजारच्या पाणबुडीच्या आगीने तिचा काळा रंग भाजला. नंतर समुद्रात त्याचे पोपडे निघाले आणि खालचा तांबडा गंजरोधक रंग उघडा पडला. ती रंगवताना मी आधी सगळी तांबडी केली, त्यावर पाण्याने सुटणारा हेअरस्प्रे, त्यावर काळपट राखाडी, आणि मग ओल्या ब्रशने तो थर जागोजागी उचलला. चार संध्याकाळी त्यात गेल्या.

सर आता निवृत्त आहेत, पण नवं मॉडेल पुरं झालं की फोटो आधी त्यांनाच जातो. गेल्या महिन्यात टाइप ७ सी पुन्हा केली, या वेळी १:७२ प्रमाणात, ९३ सेंटिमीटरची. ओघळ, मिठाचे डाग, डेकच्या काळपट फळ्या, सगळं मनासारखं जमलं होतं. सरांचं उत्तर तासाभरात आलं: "फार छान. डेकवरच्या तोफेच्या बुडाशी पाणी साचत नसेल का रे?"

मी तपकिरीची ट्यूब पुन्हा उघडली.