तीन गोळ्या, तरी बीपी चढलेलंच

आज आत्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं, आणि ते सोडायला लावणारं मूत्रपिंडातलं रेनिन अगदी तळाला; म्हणजे प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम या आजाराचा संशय. तीन-तीन गोळ्या, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी, वेळेवर घेऊनही बीपी उतरत नव्हतं आणि सगळे तिलाच पथ्यावरून बोलत होते. फार वाईट वाटलं. यात मूत्रपिंडावरच्या छोट्याशा ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त सोडत राहतात, मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि बीपी चढतं. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी हा आजार १९५५ मध्येच मांडला होता! आणि हो, पोटॅशियम नॉर्मल असलं तरी तो असू शकतो. एकाच ग्रंथीचा दोष निघाला तर ऑपरेशन, नाहीतर अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी. आत्याची खात्रीची तपासणी आणि सीटी स्कॅन अजून व्हायचंय. तुमच्या घरी कुणाचं बीपी असं हटून बसलं असेल, तर अल्डोस्टेरॉन-रेनिनच्या या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.