रेड 5 की रेड 6?
आज जळगावला भाच्याच्या फोटो स्टुडिओत 4 टीबीच्या 4 डिस्क रेडमध्ये बसवल्या, म्हणजे सगळ्या डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा वाचेल अशी मांडणी. त्याचा हट्ट रेड 5 चा, 12 टीबी जागा मिळते ना, पण त्यात एकच डिस्क गेली तर निभतं, आणि नवी टाकली की रिबिल्ड, म्हणजे बाकीच्यांवरून तिच्यात डेटा परत भरणं, तासन्‌तास चालतं, बाकीच्यांवर सगळा लोड, तेवढ्यात दुसरीही बिघडली तर लोकांच्या लग्नाचं शूटिंग गेलंच ना भो! म्हणून रेड 6. जागा 8 टीबीच, पण कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा शाबूत. चुकून डिलीट झालेली फाइल मात्र कुठलीच रेड परत देत नाही, त्यामुळे बॅकअपची वेगळी डिस्क भुसावळला ताईकडे राहणार. प्रत्येक ट्रेवर सिरीयल नंबरची पट्टी चिकटवलीये, घाईत चांगलीच डिस्क ओढली जायला नको. उद्या यूपीएस, इथे लाइटचा भरवसा नाही.