रानापासून हवेच्या बंकरांपर्यंत : पेंटबॉल सरावाची या हंगामातील नोंद

मागील नोंदीत मी पेंटबॉलच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रंगाच्या गोळीने टिपून बाद करण्याच्या, रानातील खेळाकडून एअरबॉलकडे, म्हणजे हवा भरलेल्या बंकरांच्या (आडोशांच्या) मैदानाकडे, वळत असल्याचे लिहिले होते. या हंगामात न्यू जर्सीतील आमच्या हौशी संघाबरोबर प्रत्येक स्पर्धेसाठी बंकरांचा नवा आराखडा अंगवळणी पाडण्याचा सराव चालू आहे. तो करताना एक गोष्ट अधिकाधिक पटत गेली : आपल्या खेळाचे रूप पालटले त्याचे श्रेय आपण जाहिरातदारांना आणि नियमावलीला देतो, प्रत्यक्षात ते काम आधी मैदानाने केले.

27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे पहिला खेळ झाला, तेव्हा बारा जण रानात उतरले होते आणि त्यांच्या हातात झाडांवर व गुरांवर खूण करण्यासाठी बनवलेली नेलस्पॉट पिस्तुले होती. जिंकणारा माणूस पेशाने वनतज्ज्ञ होता आणि त्याने एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा केले. अशा मैदानावर दबा धरणे, संयम राखणे आणि पाचोळ्यात मिसळून जाणे यांनाच मोल असणार. हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे ही तेथे हौस नसून गरज होती. पण बघणाऱ्याला त्यात फौजच दिसे, आणि खरे तर त्याला तेवढेही धड दिसत नसे, कारण झाडीतला सामना बाहेरून पाहण्याची सोयच नव्हती.

1980 च्या दशकात कॅलिफोर्नियात मोकळ्या जागेवर लाकडी आडोसे उभे करून स्पीडबॉल सुरू झाला आणि 1990 च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधून हवेचे बंकर आले. त्यांच्यामुळे मैदानाचे दोन्ही अर्ध एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे झाले. रानात नाणेफेक जिंकून चांगली बाजू मिळवणारा संघ अर्धी लढाई तेथेच जिंकत असे. आता ती सबब उरली नाही. लाल-निळ्या फुगीर बंकराआड ठिपक्यांचा सदरा घालून काही उपयोगही उरला नाही, त्यामुळे मोटोक्रॉसच्या धाटणीची रंगीत जर्सी, गुडघ्या-कोपरांची पॅडे आणि घसरत जाऊन बंकर गाठण्याची सवय एकापाठोपाठ आली. लाकडी फळीवर कोणी अंग झोकून देत नाही, हवेच्या बंकरावर देतो. मातीतून मॅटवर आलेल्या कबड्डीचे ज्यांनी निरीक्षण केले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

डावपेचांचा विचार केला तर सगळा भार पहिल्या काही सेकंदांवर येऊन पडला. सध्या अमेरिकेतील एनएक्सएल (नॅशनल एक्सबॉल लीग) स्पर्धांत पाच विरुद्ध पाच खेळाडू साधारण 150 फूट लांब आणि 120 फूट रुंद मैदानावर उभे राहतात, आणि आराखडा आधी जाहीर होत असल्यामुळे प्रत्येक संघ तो उभारून घोटून येतो. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 300 फुटांपर्यंत मर्यादित असतो. म्हणजे 35 मीटरवरच्या फटीपर्यंत पोहोचायला तिला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात धावणारा माणूस तीनेक मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून माणसावर नेम न धरता तो ज्या फटीतून जाणार आहे त्या फटीत कमरेच्या उंचीवर गोळ्यांची अखंड रांग सोडायची, हीच लेन. सरावात मी शेवटच्या बंकराच्या कडेला उभा राहतो, समोरच्या डोरिटोची (त्रिकोणी बंकराची) तिरकी कड आणि कॅनची (डब्यासारख्या गोल बंकराची) गोलाई यांमधली बोटभर दिसणारी फट शोधतो, आणि शिट्टी वाजताच डोळे तेथून न हलवता मार्कर, म्हणजे गोळ्या झाडणारी बंदूक, फक्त उचलतो. पहिल्या तीन-चार गोळ्या कोठे पडतात ते पाहून उंची सुधारावी लागते. तोवर धावणारा सहसा निसटतो, म्हणून ती उंची आधीच हातात बसलेली हवी.

स्नेककडे, म्हणजे मैदानाच्या कडेने जाणाऱ्या बुटक्या बंकरांच्या रांगेकडे, मी अधिक वेळ देत आहे. जुन्या मैदानांवरचा स्नेक बराचसा सलग असे; एकदा आत शिरलेला माणूस पोटावर सरपटत मध्यरेषा ओलांडू शकत होता आणि त्याला रोखणे फार कठीण जाई. आताच्या आराखड्यांत तो तुकड्यांत मांडतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्यानंतर आतल्या खेळाडूला उघड्यावर यावे लागते आणि समोरच्या डोरिटोवाल्याला, किंवा मधल्या उंच बंकरावरच्या माणसाला, तेवढ्या एका क्षणासाठी तयार राहता येते. स्नेकमधील खेळाडूने आता शौर्यापेक्षा सहकाऱ्याचा आवाज जपावा, असे माझे मत आहे. डाव्या हाताने झटकन डोकावून गोळी मारणे मला अजून अवघड जाते. उजव्या बाजूने मात्र अंग जवळपास न दाखवता काम होऊ लागले आहे.

2002 मध्ये आलेल्या एक्सबॉल या सामन्याच्या प्रकाराने एकाच सामन्यात अनेक गुणांची चढाओढ आणली, कडेला प्रशिक्षक उभे केले आणि ओरडण्याला मान्यता दिली. 2003 मध्ये कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीचच्या वाळूवर एनपीपीएल या व्यावसायिक पेंटबॉल लीगचे सामने झाले, तेव्हा लोक समुद्रकिनारी बसून पेंटबॉल पाहत होते. रानात हे होणे शक्य नव्हते. तरीही प्रतिमेचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. 2009 मध्ये विनेंडेन येथील शाळेतील गोळीबारानंतर जर्मनीत पेंटबॉलवर बंदी आणण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नंतर मागे पडला. त्या वादात रंगीत जर्सी आणि हवेचे बंकर यांनी खेळाडूंची बाजू मांडायला मदत केली असली, तरी टीका करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रानातलाच खेळ होता. दुसरीकडे रानात राहिलेल्या मंडळींनी मॅगझिनवर (गोळ्यांच्या छोट्या पेटीवर) चालणारे, रायफलीसारखे दिसणारे मार्कर आपलेसे केले, आणि आता एकाच खेळाची दोन रूपे शेजारी-शेजारी नांदत आहेत. मला त्यांच्यात भांडण दिसत नाही, मात्र नव्या माणसाला आधी कोठे न्यावे हे ठरवताना मी दर वेळी हवेच्या मैदानाकडे झुकतो, कारण तेथे पालक जाळीबाहेरून सगळे पाहू शकतात.

गेल्या काही वर्षांत दहा-दहा जणांचे मेकॅनिकल (इलेक्ट्रॉनिक नसलेल्या) मार्करवरील सामने पुन्हा लोकप्रिय होत आहेत. ट्रिगर प्रत्येक वेळी बोटाने ओढायचा असल्यामुळे सेकंदाला दहा गोळ्यांची लेन तेथे टिकत नाही, फटी पुन्हा मोकळ्या होतात आणि मागचा खेळाडू दिसेल त्याला आवाजाने वाट दाखवू लागतो. आमच्या संघाने त्यात उतरायचे ठरवले आहे. पुढच्या आराखड्यावर लेनचा सराव मी मेकॅनिकल मार्करनेच करणार आहे आणि डाव्या हाताचे काम त्याबरोबरच चालू राहील.