लॉजच्या खोलीत बॅग उपसायची की नाही: माझा अनुभव

३१ मार्चला बँकांचं वर्ष संपतं आणि एप्रिल लागला की आमची ब्रँच ऑडिटची पायपीट सुरू होते. आज परभणी, परवा सेलू, मग नांदेड, उदगीर, अंबाजोगाई. मुक्काम बहुतेक बस स्टँडजवळच्या लॉजवर. इतक्या वर्षांत एका गोष्टीवर माझं मत तीनदा बदललं. खोलीत गेल्यावर कपडे काढून लावायचे, की बॅगेतच राहू द्यायचे?

सुरुवातीला मी बॅगेतच ठेवायचे. आईनेच तसं मनावर बिंबवलं होतं. "दोन दिसांसाठी कशाला बिऱ्हाड मांडायलीस? निघताना काही ना काही मागं राहतंय बघ." मला ते पटायचं. सकाळी लागेल ते ओढून काढायचं, संध्याकाळी तसंच कोंबायचं.

पहिल्यांदा मत बदललं ते लातूरला. एप्रिल २०१६, माझी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, चालू होती. त्या वर्षीचं लातूर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण ५० हजार लिटर पाणी. आमच्या लॉजवाल्या काकांनी आल्या आल्या सांगितलं, "ताई, दिवसाला दोन बादल्या. अंघोळ, धुणं, सगळं त्यातच बसवा." सांगताना त्यांनाच अवघड वाटत होतं. कपडे धुवायचा विषयच संपला. दिवसभर अंगावर वाळलेला कुर्ता मी रात्री सवयीने बॅगेत टाकला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांनाही तो आंबूस वास लागला. तेव्हापासून बॅग उपसायला लागले. घातलेला कुर्ता पंख्याखाली खुंटीवर, कोरे दोन दाराच्या हुकाला, ओढणी खुर्चीच्या पाठीवर. त्या सहा रात्रींत मला कळलं की आपले कपडे डोळ्यांसमोर टांगलेले असले की परकी खोली जरा आपली वाटते. सोळा तास हिशेब तपासून आल्यावर एवढंही खूप असतं.

मग मात्र मी बेसावध झाले. तीन वर्षांनी नांदेडला नऊ रात्री होते. खोली दिसायला स्वच्छ, चादर पांढरीशुभ्र. दोन कॉट होत्या. रिकाम्या कॉटवर बॅग उघडून ठेवली आणि तिथेच कपड्यांच्या घड्या मांडल्या. घरी परतून आठ-दहा दिवस झाले असतील, आईच्या दंडावर सकाळी एका ओळीत चार लाल गांधी उठल्या. डास असतील म्हणून सोडून दिलं. चौथ्या दिवशी माझ्या मानेवर तसंच. गादी उलटवली तर शिवणीच्या कडेला बॉलपेनने टिंबं द्यावीत तसे काळे ठिपके, आणि फटीत मसुराच्या दाण्याएवढा चपटा, तपकिरी ढेकूण.

पुढचे दोन महिने फार त्रासाचे गेले. आईने लहानपणी पाहिलेला उपाय केला, पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. बाजेला तो चालायचा, कारण बाज म्हणजे चार पाय आणि सुतळी. प्लायवूडचा बॉक्स पलंग नुसता फुगला. गाद्या गच्चीवर टाकल्या, पण नुसत्या उन्हाने भागत नाही. वरची बाजू तापली की ढेकूण आतल्या थंड बाजूला सरकतात. कपडे मात्र वाचले, कारण ६० अंशांच्या पाण्यात धुतले की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. शेवटी फवारणीवाल्याला बोलावलं. एकदा फवारून तो जायला निघाला, तेव्हा मी दुसरी तारीख पक्की करून घेतली. अंड्यांवर बहुतेक औषधं नीट लागू पडत नाहीत, त्यामुळे त्यातून पिल्लं बाहेर आली की पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. ज्यांच्या घरी एकदाच फवारून "झालं" म्हणतात, त्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. आणि लाज बाळगू नये. ढेकणाला अस्वच्छता लागत नाही, झोपलेला माणूस पुरतो. आईने शेजारी कुणाला कळू दिलं नाही, त्यात आमचे पहिले दहा दिवस वाया गेले.

त्यानंतर वर्षभर मी बॅगेची चेनही उघडेना. पण लातूरसारखाच वास पुन्हा सुरू झाला, आणि विचार केल्यावर जाणवलं की चूक कपडे बाहेर काढण्यात नव्हती, बॅग गादीवर ठेवण्यात होती. बंद बॅग गादीवर असती तरी ढेकूण चेनच्या कडेने चढलेच असते.

आता खोलीत शिरले की बॅग आधी बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात. मोबाइलचा टॉर्च लावून चादरीचे चारही कोपरे उचलते, गादीची शिवण पाहते, पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि भिंत यांमधली फट पाहते. ठिपके दिसले तर खाली जाऊन शांतपणे दुसरी खोली मागते, शेजारची नको म्हणून सांगते. सगळं ठीक असेल आणि दोन रात्रींहून जास्त मुक्काम असेल, तरच कपडे काढते. तेही फक्त हुकावर. भिंतीतल्या कपाटात नाही, तिथं जुना पेपर आणि डांबरगोळीचा वास असतो. ड्रॉवरमध्ये तर मुळीच नाही, कारण आईचं म्हणणं तिथं खरं ठरतं. अंबाजोगाईला माझी चांदीची जोडवी अशीच राहिली, परत गेले तेव्हा मिळाली नाहीत. आतले कपडे सुती पिशवीत, पिशवी बॅगेत. मळके वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड गाठ मारून बंद. एका रात्रीचा मुक्काम असेल तर उद्याचा कुर्ता तेवढा बाहेर.

यंदा उदगीरहून दुपारी परत आले. आई दारातच उभी होती. बॅग माझ्या हातातून घेतली, घरात न आणता जिन्याने थेट गच्चीवर नेली आणि वरूनच हाक मारली, "गिझर चालू कर, पाणी चांगलं कडक होऊ दे."