औंध : फोटोतल्या मधल्या खुर्चीच्या मागे

रहिमतपूर मागे पडले की कोरड्या माळापलीकडे यमाईच्या मूळपीठाचा डोंगर दिसू लागतो आणि त्याच्या पायथ्याशी औंध. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव १९४८ च्या मार्चपर्यंत एका संस्थानाची राजधानी होते. संस्थानही विलक्षण तुकड्यातुकड्यांचे : आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, गुणदाळ तर आजच्या कर्नाटकात. बहुतेक पाहुणे देवीचे दर्शन आणि भवानी संग्रहालय उरकून परततात. मी मात्र एका परिचितांच्या ओळखीने, गावातल्या दोन-तीन जुन्या घरांत जपून ठेवलेले फोटो पाहायला गेलो होतो.

पहिल्या घरातल्या काकांनी पत्र्याची पेटी ओसरीवर आणून उघडली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडांना कसर लागलेले ते फोटो बहुतेक समूहाचे होते आणि त्यांची मांडणीही ठरलेली होती : मध्ये खुर्ची, खुर्चीवर मानाचा माणूस, दोन्ही बाजूंना पदाप्रमाणे उतरत जाणारे इतर लोक आणि पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली मुले. मधल्या माणसाचे नाव घरातल्या प्रत्येकाला पाठ असते. कडेला उभ्या असलेल्या, निम्मा खांदा चौकटीबाहेर गेलेल्या माणसाला कोणीच ओळखत नाही. अशा फोटोंतून गावाचा इतिहास वाचायचा तर मधल्या खुर्चीवरून नजर काढून मागची भिंत, डोंगर, डोक्यावरच्या टोप्या आणि कडेची माणसे यांच्याकडे पाहावे लागते, हे त्या दुपारी मला फार प्रकर्षाने जाणवले.

सर्वांत उपयोगी पडतो तो डोंगर. मूळपीठाकडे जाणाऱ्या वाटेवर, अर्ध्या चढावर, भवानी संग्रहालयाची इमारत आहे आणि ती १९३८ मध्ये सुरू झाली. त्यामुळे पार्श्वभूमीला तो उतार असलेल्या कोणत्याही फोटोची निदान एक बाजू पक्की होते : इमारत दिसली तर तो तिच्या बांधकामानंतरचा आणि उतार मोकळा असेल तर त्याआधीचा. एका फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला इसवी सन काकांना मान्य नव्हता. ‘उतार बघा की, मोकळाच आहे,’ एवढेच ते म्हणाले आणि तारीख दहा-बारा वर्षे मागे गेली. कागदावरच्या अक्षरांपेक्षा डोंगरावर भरवसा ठेवणारी त्यांची ही रीत मला कोणत्याही दप्तराइतकीच विश्वासार्ह वाटते.

संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसा दिला तशी चित्रेही काढून दिली. अशा राजाच्या गावात चित्राला मान होता, यात नवल नाही. सूर्यनमस्कारांचा तर त्यांनी ध्यासच घेतला होता. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे होते आणि त्यावरच्या त्यांच्या पुस्तकांत एकेक आसन छायाचित्रांनी समजावलेले आहे. पेटीतला मला सर्वाधिक आवडलेला फोटो त्याच काळाच्या खुणा अंगावर बाळगणारा आहे : पटांगणात रांगा धरून वाकलेली मुले. शेवटच्या रांगेतला एक मुलगा मात्र वाकायचे सोडून सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. शिस्तीचा पुरावा म्हणून काढलेल्या त्या फोटोत खरे बालपण त्या एकट्याच्याच चेहऱ्यावर उतरले आहे, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधला आले आणि त्यांचे स्वाध्याय मंडळ जवळपास तीस वर्षे येथे चालले. ग्रंथांमुळे त्यांची दुसरी ओळख झाकली गेली आहे. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार होते आणि औंधला येण्याआधी लाहोरमध्ये त्यांनी चित्रकला व छायाचित्रणाचा व्यवसायही केला होता.

१९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी प्रजेला स्वराज्य देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये त्याची राज्यघटना अमलात आली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, युवराज अप्पासाहेब पंतांचा पुढाकार होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचे श्रम होते. गावोगावचा कारभार पंचायतींकडे सोपवणारा हा प्रयोग फोटोंतही जाणवतो, पण तो खुर्चीपेक्षा डोक्यांवर. आधीच्या फोटोंत पगड्या आणि फेटे यांची रांग असते, तर नंतरच्यांत पांढऱ्या टोप्या वाढत जातात आणि धोतर-बंडीतली, उन्हाने रापलेली शेतकरी माणसे मागच्या ओळीतून दुसऱ्या ओळीत येतात. पहिल्या ओळीत ती क्वचितच दिसतात, हेही नोंदवायला हवे.

काही वर्षे मात्र या पेटीत जवळजवळ नाहीतच. बेचाळीसनंतर प्रतिसरकारची चळवळ याच मुलखात फोफावली आणि तिचे मोठे केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानातच होते. ब्रिटिश पोलिसांना गुंगारा देत फिरणारा माणूस फोटोग्राफरसमोर कशाला उभा राहील? दुसरी पोकळी अधिक दुःखद आहे. गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात झालेल्या जाळपोळीत अनेक वाडे भस्मसात झाले आणि त्यांतल्या पेट्या, अल्बम, काचेच्या निगेटिव्हही गेल्या. त्याच वर्षी सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले आणि संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

संध्याकाळी आम्ही उरलेले फोटो पुन्हा एकदा काढले, या वेळी केवळ कडेची माणसे ओळखण्यासाठी. शेजारच्या आजींना बोलावले. त्यांनी एका पाणक्याला, एका शिपायाला आणि स्वतःच्या चुलत सासऱ्यांना ओळखले. ती नावे फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहिली, कारण शाईचे डाग पुढच्या बाजूला उमटतात. दुसऱ्या घरातली पेटी अजून उघडायची आहे. तिथले लोक पौषातल्या यमाईच्या यात्रेला गावी येतात, तेव्हा या म्हणाले आहेत.