अंगठा लागत नाही

मी नाशिकमधल्या एका चर्चमध्ये मदतीचं काम बघतो, पगारी माणूस आहे, नाताळच्या आधी रेशन किट वाटायचं सगळं माझ्याकडेच असतं. त्या दिवशी ६० किट होते, प्रत्येकात ५ किलो आटा, २ किलो तांदूळ, डाळ, तेल, साखर. लाईन लागलेली, आमची तरुण संघाची पोरं फोटो काढतायत आणि मागच्या वस्तीतल्या एक मावशी लाईनीत न येता गेटपाशीच उभ्या. मला वाटलं लाजतायत, म्हणून पिशवी घेऊन मीच गेलो तर म्हणाल्या, "पिशवी राहू द्या दादा, माझा अंगठा लागत नाही त्याचं तेवढं बघा ना."

मला आधी कळेचना. त्यांनी हात पुढे केला. तीस वर्षं धुणीभांडी केलेला हात, अंगठा एकदम गुळगुळीत, रेषा म्हणून नाहीत, नखाच्या कडेला भेगा आणि त्यात काळं बसलेलं. रेशन दुकानातल्या मशीनवर ठसा उमटत नाही, केवायसी म्हणजे ओळखीची पडताळणी राहिली आणि धान्य बंद. घरात तीन माणसं, माणशी ५ किलो फुकट मिळायचं. मी तिथंच हिशोब केला, महिन्याला १५ म्हणजे वर्षाला १८० किलो, आणि आम्ही वर्षातून एकदा एवढीशी पिशवी देऊन वर फोटो काढणार. खूप लाज वाटली.

मोबाईलवर चेहरा दाखवून केवायसी होते, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर वारलेल्या नवऱ्याचा, कधीचाच बंद. दुसऱ्या दिवशी मावशींनी दोन घरची कामं बुडवली, आधार केंद्रावर टोकन घेऊन दुपारपर्यंत बसलो. नंबर बदलून आल्यावर चर्चच्या व्हरांड्यात मोबाईल धरला तर ॲप म्हणतं डोळ्यांची उघडझाप करा आणि मावशी घाबरून डोळे ताणून बसलेल्या, चौथ्या वेळेला झालं एकदाचं.

मीटिंगमध्ये एक काका म्हणाले ही सरकारी कामं आपण का करायची. पाळकसाहेबांनी बायबलमधला प्रेषितांची कृत्ये ६ वा अध्याय काढला, रोजच्या वाटणीत विधवांची हयगय होते अशी कुरकुर झाली तेव्हा मंडळीने सात माणसं नेमली ती याच कामाला ना? मला तर आपलं नाशिकमधलं शरणपूरच आठवलं, १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेलं, गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन पोरांना तिथं नुसतं जेवू नाही घातलं, सुतारकाम लोहारकाम शिकवलं.

आता रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात टेबल असतं, दोन पोरं मोबाईल घेऊन बसतात, फोटो बंद केलेत. मागच्या रविवारी मावशी आल्या, सोबत वस्तीतल्या तीन बायका, आणि टेबलापाशी त्यांना मावशीच सांगत होत्या, "घाबरू नको गं, नुसते डोळे मिटायचे नि उघडायचे."